अपुरा संच

कृष्णाच्या राजाचं पान एकाच जागी झिजलं आहे. खाली, राजाच्या आसनाच्या थोडं डावीकडे, अंगठ्याच्या टोकाएवढी लाख उडून आतलं कापड दिसतं. त्याच कृष्णाची पंजी आणि सत्ती मात्र सगळ्या कडेनं सारखी झिजली आहेत. कारण साधं आहे. गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेले जुने पत्ते, आणि त्यांचं पान गोल असतं. पंजी कशीही धरली तरी ती पंजीच. राजाला मात्र कुणी उलटा धरत नाही. हात आपोआप त्याला सरळ करतो आणि अंगठा दर वेळी त्याच जागी येऊन बसतो.

हे पान सध्या माझ्याकडे आहे. त्याच्यासोबत आणखी एकोणचाळीस आहेत, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. बाकीची ऐंशी गावातच दुसऱ्या दोघांकडे आहेत; त्यांतली काही मध्ये परगावी राहून आली. नेवरूळमध्ये आज बऱ्याच घरांत गंजिफा आहे, पण पूर्ण संच एकाही घरात नाही, असं सांगितलं की बाहेरची माणसं हळहळतात. आम्ही त्यांना हळहळू देतो आणि चहा टाकतो.

या संचाचा मूळचा लाकडी डबा मुंबईच्या एका संग्रहालयात, काचेच्या कपाटात आहे. रिकामा.

"चाळीस पानं मावतील का गं शैलजा, तुझ्या हातात?" कुमुदताई नाबरांनी मला विचारलं, तेव्हा त्यांच्या मागच्या खोलीत राहायला येऊन मला वर्ष होत आलं होतं. मी साताऱ्याहून इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायला आले होते. कुमुदताई गावचं वाचनालय चालवायच्या. लग्न केलेलं नव्हतं, बोलणं मोजकं. वाचनालय बंद झालं की पडवीत सतरंजी पडायची आणि त्या, त्यांचे चुलतभाऊ आप्पा आणि जयवंत चितारी असे तिघं गंजिफा खेळायचे. मी खोलीत वह्या तपासत आवाज ऐकायची. लाखेची पानं एकमेकांवर पडताना सुपारी फोडल्यासारखा आवाज होतो.

मग पौषात आप्पा गेले. पडवी महिनाभर रिकामी राहिली आणि एका संध्याकाळी कुमुदताईंनी मला वरचा प्रश्न विचारला.

खेळ मला कुमुदताई आणि जयवंतकाकांनी शिकवला. विष्णूचे दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. एकशेवीस पानं, तीन माणसं. दोघांत हा खेळ होत नाही, चौघांत होत नाही. दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा असेल त्याची पहिली उतारी. दिवे लागले की तो मान कृष्णाच्या राजाकडे जातो. पडवीत खेळ सुरू व्हायचा तो नेमका तिन्हीसांजेला, त्यामुळे रोज भांडण. जयवंतकाकांच्या हातात राम आला की त्यांच्या मते अजून चांगलं ऊन असायचं.

"प्रोफेसरीणबाई, तुमीच सांगा," ते एकदा म्हणाले. "सूर्य बुडालो काय नाय?"

समोर डोंगराच्या खांद्यावर लाल गोळा टेकलेला होता. मला खोटं बोलता येत नाही, म्हणजे मोजमापाच्या बाबतीत तरी नाही. मी सांगितलं की हवेतून येताना उजेड वाकतो, त्यामुळे क्षितिजाला टेकलेला सूर्य आपल्याला दिसतो तेव्हा खरं म्हणजे तो आधीच खाली गेलेला असतो.

जयवंतकाकांनी पानांचा पंखा खाली केला. "म्हणजे बुडालेलो सूर्य आमी बघतो?"

"हो."

"मगे रामाक काय सांगू?"

"त्याला सांग, दिसतोस तोवर खेळ," कुमुदताई म्हणाल्या आणि स्वतःची पानं लावत राहिल्या. त्यांच्या हातात कृष्ण होता, हे आम्हाला नंतर कळलं.

जयवंत चितारी तेव्हा पासष्टीच्या आसपास होते. उंच, किंचित पोक काढून चालणारे, आणि तोंडाला कुलूप नसलेले. गावातले निम्मे गणपती त्यांच्या चित्रशाळेत रंगायचे. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गंजिफाची पानं होत आली होती: जुनं सुती कापड, चिंचोक्याची खळ, रंग, वरून लाख. पण खेळणारी माणसं संपली तशी पानांची मागणीही संपली. दुकानदार त्यांच्याकडून पाण्याच्या पेल्याखाली ठेवायच्या लाकडी चकत्या रंगवून घ्यायचे. त्यांच्यावरही दशावतारच. "मत्स्याच्या डोक्यार सरबताचो गलास," ते म्हणायचे, "आणि कूर्माच्या पाठीर चाय. तेका काय, सवय असा."

त्यांची बायको गेलेली होती. मुलगा वास्कोला बंदरात नोकरीला, तो बापाला घेऊन जायला बघत होता. दर सुट्टीला यायचा आणि दर सुट्टीला त्याला पुढची तारीख मिळायची. त्या वर्षी मात्र काकांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू निघाला आणि पोरानं ऐकलं नाही. गणपती झाले की जायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे काकांनी 'नाही' म्हटलं नाही.

संग्रहालयाचे गृहस्थ आले ते त्याच उन्हाळ्यात. माणूस फार चांगला होता, हे मुद्दाम सांगायला हवं. त्यांनी हात धुऊन, कोरडे करून मगच डबा उघडला. कुमुदताईंच्या वडिलांचा हा संच जवळजवळ शंभर वर्षांचा, एकही पान गेलेलं नाही, असा दुसरा त्यांच्या पाहण्यात नव्हता. जयवंतकाकांच्या आज्याने तो रंगवला होता. मुंबईत त्याला कोरडी हवा मिळेल, मंद उजेड मिळेल, खाली नाबरांचं नाव लागेल, असं त्यांनी सांगितलं. इथल्या दमट हवेत लाख टिकत नाही, हे मलाही माहीत होतं.

"सांगते," कुमुदताई म्हणाल्या.

हा त्यांचा शब्द होता. वाचनालयाच्या छपरापासून भाच्याच्या लग्नापर्यंत, जे त्यांना ठरवता येत नसे त्याला त्या 'सांगते' म्हणायच्या आणि मग ते कुणाला कधी सांगितलं जाईल याचा नेम नसायचा. या वेळी मात्र रात्री जेवताना त्या आपण होऊन बोलल्या. जयवंत गेला तर तिसरा माणूस नाही, आणि नवं पान करणाराही नाही. गावात चौथं कुणी खेळत नाही. मग संच इथे ठेवून करायचं काय? "डब्यात राहायचं असेल तर काचेच्या डब्यात राहिलेला बरा. वाळवी तरी लागणार नाही." ताटातला भात त्यांनी तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांना एक गोष्ट सुचली. जयवंतकाकांकडे चार नवे संच पडून होते, कुणी मागितलेले नव्हते पण हात राहावा म्हणून त्यांनी वर्षावर्षाला एक करून ठेवलेले. कुमुदताईंनी ते वाचनालयात आणले. पुस्तक नेतात तसा संच घरी न्यायचा, महिनाभर खेळायचा, परत आणायचा. कसं खेळायचं ते वाचनालयात येणाऱ्या बायकांना त्यांनी स्वतः टेबलाशी बसून शिकवलं, मी पोरींना वर्गात शिकवलं. चारही संच एका आठवड्यात गेले. जयवंतकाका म्हणाले, "गावात चार डाव रंगले ना, तर माका हंयच काम असा. वास्कोच्या झिलाक सांगान, तूच ये हंय." गमतीने म्हणाले, पण नंतर रोज वाचनालयावरून जाताना ते आत डोकावायला लागले. कपाटातली संचाची जागा रिकामी आहे ना, एवढं बघायचे.

महिन्यानं तीन संच परत आले. स्वच्छ, कापडात गुंडाळून. पहिला उघडला तर धुपाचा वास आला. दुसऱ्याच्या प्रत्येक राजाला कुंकवाचा टिळा होता. तिसऱ्यात वामनाच्या पानांमध्ये तुळशीची पानं आणि तळाशी अक्षता. मी कॉलेजातलं भिंग आणून कडा पाहिल्या. एकाही पानाच्या कडेला अंगठा लागलेला नव्हता. खेळलं कुणीच नव्हतं. तिन्ही घरांनी संच देवघरात मांडून त्यांची पूजा केली होती.

संच परत करायला आलेल्या बायका ओशाळल्या होत्या, पण त्यांचंही खरं होतं. खेळताना पान खाली टाकावं लागतं. देवाचं चित्र जमिनीवर कसं टाकायचं? आणि हरलेला राजा समोरच्याच्या ढिगात जातो, म्हणजे नरसिंहाला शेजारणीनं जिंकून घ्यायचं की काय? कुमुदताईंनी त्यांना समजावलं की आपले आजे-पणजे हेच करत होते आणि देवाला राग आला नव्हता. त्यांनी माना डोलावल्या. संच पुन्हा नेले. पुन्हा तसेच परत आले, या वेळी एका डब्यात खडीसाखर.

"माझ्या पानांका नैवेद्य गावता," जयवंतकाका म्हणाले. "माका गिऱ्हाईक गावणा नाय." ते हसले, पण खडीसाखर त्यांनी घेतली नाही. त्यानंतर त्यांचं डोकावणं बंद झालं. चित्रशाळेत गणपतींचं काम चालू झालं होतं, हे कारण खरंच होतं.

चौथा संच परबांकडे गेला होता. तो आलाच नाही. गणपती येऊन गेले, भातं पोटरीला आली, तरी संचाचा पत्ता नाही. वाचनालयातून दोनदा निरोप गेला. शेवटी परबांची सून, लक्षुमी, पिशवी घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. योगायोगानं जयवंतकाका तिथे होते, वर्गणीची जुनी मासिकं परत करायला आलेले. जाण्याची आवराआवर सुरू झाली होती.

लक्षुमीनं सांगितलं ते असं. सासूनं संच देवघरात ठेवला होता. एके दिवशी पुसायला म्हणून पानं अंगणात उन्हात मांडली आणि गोठ्यातून सुटलेल्या वासरानं वराहाचा प्रधान चघळून टाकला. चिंचोक्याची खळ त्याला आवडली असावी. सासूनं कपाळावर हात मारला. मूर्तीचं बोट मोडलं तरी ती पूजेतून काढतात, इथे तर अख्खा प्रधान गेला. खंडित झालेलं देवात ठेवायचं नाही, म्हणून तिनं संच बाहेर ओट्यावर आणून ठेवला. ओट्यावर पडलेली वस्तू किती दिवस तशीच पडून राहणार? लक्षुमी, तिची जाऊ आणि शेजारची सुमन दुपारी खेळायला बसल्या.

तिनं पिशवीतून डबा काढला. मी भिंग आणायची गरज नव्हती. राजांच्या पानांवर खाली डावीकडे लाख मळली होती. अंकांची पानं कडेनं काळपट झाली होती. आणि वराहाच्या बारा पानांमध्ये साबणाच्या खोक्यातून कापलेला एक गोल पुठ्ठा होता, त्यावर बॉलपेननं काढलेलं डुकराचं तोंड आणि डोक्यावर पगडी.

जयवंतकाकांनी ते पान उजेडात धरून बराच वेळ पाहिलं. मला वाटलं त्यांना वाईट वाटलं.

"ह्यो कोणी काढल्यान?"

"मीच," लक्षुमी म्हणाली.

"पगडी बरी काढलंस. दोन दिवस दी, जाण्याआधी खरो प्रधान करून देतंय."

"नको हां काका," ती घाईनं म्हणाली. "पुरो केलास, तर सासू परत देवातच नेऊन ठेवतली."

काका मोठ्यानं हसले. मी पण हसले. कुमुदताई हसल्या नाहीत. त्या टेबलावरचा तो पुठ्ठ्याचा प्रधान बोटानं सरळ करत होत्या, खाली डावीकडून. मग त्यांनी लक्षुमीला विचारलं की तुम्ही तिघी कुणाच्या घरी खेळता. "आमच्याच ओट्यार. संच आमच्याकडे ना," ती म्हणाली. "सुमनाक रोज बोलवायक लागता. तिका वाटता, संच आपलो नाय, कशाक जाऊचा." कुमुदताईंनी संच तिला परत दिला आणि हवा तितके दिवस ठेव म्हणून सांगितलं. त्या दिवशी वाचनालय त्यांनी वेळेआधी बंद केलं.

 पुढच्या दोन दिवसांत मी शिकवून आले की कुमुदताई डबा पुढ्यात घेऊन बसलेल्या दिसायच्या. एकदा सगळी पानं बाहेर काढून त्यांनी डबा कोरड्या फडक्यानं आतून पुसला. दुसऱ्या दिवशी तो लाल खणात बांधून टेबलावर ठेवलेला होता. संग्रहालयाचे गृहस्थ सोमवारी येणार होते. मला जे समजायचं ते समजलं, आणि वाटलं की हेच योग्य आहे. मग वाटलं की हे योग्य असलं तरी मला ते पाहायचं नाही. सोमवारी कॉलेजात जास्तीचा तास घ्यायचा, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

जयवंतकाकांची वास्कोची गाडी रविवारी सकाळची होती. शनिवारी संध्याकाळी ते आले ते धुतलेला सदरा घालून, हातात दोन शहाळी. मुलगा घरी सामान बांधत होता. चित्रशाळेची किल्ली त्यांनी कुमुदताईंना द्यायला आणली होती. कुणी वापरत असेल तर वापरू दे, नाहीतर उंदीर वापरतील, म्हणाले. किल्ली त्यांनी पायरीवर ठेवली आणि सतरंजीवर बसले.

पानं आधीच सतरंजीवर होती, पालथी पसरलेली. लाल पाठी, एकशेवीस. खणात बांधलेला डबा आत टेबलावर होता, हे मला तेव्हा विचित्र वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी शहाळी सोलायला विळा शोधत होते.

डाव सुरू झाला तेव्हा ऊन होतं. रामाचा राजा काकांकडे आला आणि त्यांनी तो इतक्या सावकाश खाली ठेवला की जणू ते त्याला पायरी उतरवत होते. नेहमीसारखी टोमणेबाजी झाली. मी मत्स्याची दश्शी चुकीची टाकली तेव्हा ते म्हणाले की एवढं शिकून बाईंना मासा ओळखता येत नाही, आणि साताऱ्याकडे मासे नसतात हे त्यांना आता पटलं. कुमुदताईंनी त्यांचा नरसिंह जिंकला. काकांनी तक्रार केली.  शेवटची पानं पडली तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता.

काका जिंकले होते. त्यांनी स्वतःचा ढीग नीट केला, हात गुडघ्यावर ठेवले आणि उठायला म्हणून पुढे झुकले. "जातंय मगे," ते म्हणाले. "पहाटे उठूचा असा."

कुमुदताईंनी त्यांच्यापुढचा ढीग ओढून घेतला. माझा घेतला. सगळी पानं पालथी करून दोन्ही हातांनी सतरंजीवर फिरवली, जशी पिसतात तशी, आणि वाटायला लागल्या. एकेक पान: काकांना, मला, स्वतःला. आवाज तोच, सुपारी फोडल्यासारखा.

"आता आणिक डाव?" काका म्हणाले. "काळोख पडता, कुमुद. माका दिसणा नाय."

त्या वाटत राहिल्या. घाई केली नाही. तीन ढीग सारखे वाढत गेले आणि त्यांचे हात रिकामे झाले. मी माझी पानं उचलायला हात पुढे केला, तर त्यांनी माझ्या मनगटावर बोट ठेवून मला थांबवलं. स्वतःची चाळीस त्यांनी गोळा केली, कडा सारख्या केल्या, पदराच्या टोकात बांधली आणि गाठ मारली. काकांनी त्या गाठीकडे पाहिलं, मग आपल्यापुढच्या ढिगाकडे. आत टेबलावर खणातला डबा दिसत होता, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की तो रिकामाच बांधलेला आहे.

"मुंबईला डबा पाठवते," कुमुदताई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, वाचनालयात परतीची तारीख सांगतात तसा. "संच फुटला म्हणून कळवते. तुझी चाळीस तुझ्याबरोबर वास्कोला ने, जयवंत. शैलजा, तुझी तू ने. पौर्णिमेला तिघांनी आपापली पानं घेऊन इथे यायचं."